इतिहास बदलणाऱ्यांचा निर्धार: तो गुण होता, की आपण मागाहून दिलेले नाव?

तळटीप (धाग्याची सुरुवात)

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना एक वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात हटकून भेटते, ते म्हणजे ‘पण ते डगमगले नाहीत’. हे वाक्य मला बरीच वर्षे खटकत आले आहे. ते खोटे असते असे माझे म्हणणे नाही, परंतु ते सरसकट सगळ्यांना लावले जाते आणि त्यामुळे त्यातून कोणाविषयीच काही कळत नाही. समाजात मोठा बदल घडवून आणणाऱ्या माणसांमध्ये निर्धार हा समान धागा असतो, हे आपण शाळेपासून ऐकतो. मात्र हा निर्धार रोजच्या कामात दिसायचा कसा, आणि तो खरोखर प्रत्येकात एकाच जातीचा होता का, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात मी इंग्लंडमधल्या गुलामीविरोधी चळवळीतल्या थॉमस क्लार्कसन यांच्यापासून करतो. १७८५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेला विषय होता, माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? पंचविशीतल्या क्लार्कसन यांनी हा निबंध बक्षिसासाठी लिहिला होता, आणि ते बक्षीस त्यांना मिळालेही. पुढे लंडनला घोड्यावरून जात असताना वेड्समिल या गावाजवळ ते खाली उतरले, रस्त्याच्या कडेला बसले, आणि त्यांच्या मनात आले की निबंधात लिहिले ते खरे असेल तर कोणीतरी याचा शेवट करायला हवा. यातला ‘कोणीतरी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या क्षणी त्यांनी ‘मी’ असे म्हटलेले नाही.

१७८७ साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिती स्थापन झाली. तीत नऊ जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. क्लार्कसन यांच्याकडे पुरावे गोळा करण्याचे काम आले आणि पुढची सात वर्षे ते बंदरोबंदरी हिंडले. लिव्हरपूलमधल्या एका दुकानाच्या खिडकीत त्यांना हातकड्या, पायबेड्या, अंगठे चिरडण्याचा स्क्रू आणि शिवाय एक विचित्र अवजार मांडलेले दिसले. हे शेवटचे कशासाठी, असे त्यांनी विचारले. अन्न नाकारणाऱ्या गुलामाचे दात बळजबरीने उघडण्यासाठी, असे उत्तर मिळाले. त्यांनी या वस्तू विकत घेतल्या आणि पुढे लोकांसमोर मांडल्या. त्याच शहरात काही जणांनी त्यांना धक्क्यावरून समुद्रात ढकलण्याचा प्रयत्न केला आणि ते थोडक्यात बचावले.

माझ्या दृष्टीने निर्धाराचे खरे चित्र मात्र दुसऱ्याच प्रसंगात आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सशस्त्र होड्या नदीतून आत नेऊन माणसे पळवली जातात, याला त्यांना प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवा होता. असा एक खलाशी आहे एवढे त्यांच्या कानावर आले होते, परंतु ना त्याचे नाव ठाऊक होते ना त्याच्या जहाजाचे. मग क्लार्कसन एकेका बंदरात जाऊन तिथे नांगरलेल्या आरमारी जहाजांवर एकामागून एक चढत गेले आणि प्रत्येक जहाजावर तोच प्रश्न विचारत राहिले. अखेर प्लिमथ बंदरात तो माणूस सापडला. या शोधात वीरश्रीचा प्रसंग एकही नाही, आहे ते फक्त शिडी चढणे, विचारणे, नकार ऐकणे आणि पुन्हा खाली उतरणे.

आता अडचणीची गोष्ट. १७९४ साली क्लार्कसन यांची प्रकृती पूर्ण खचली. त्यांनी चळवळीतून अंग काढून घेतले, उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात जमीन घेतली आणि तिथे शेती करत राहिले. ते पुन्हा सक्रिय झाले ते सुमारे दहा वर्षांनी, आणि १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा संमत झाला. म्हणजे ज्यांच्या नावापुढे आपण निर्धाराची पताका लावतो ते चांगले दहा वर्षे शेत नांगरत होते. ही वर्षे निर्धारात धरायची की वगळायची?

माझे तात्पुरते मत असे आहे की निर्धार म्हणजे न थांबणे नव्हे, तर आपण सोडलेल्या प्रश्नाकडे परत येणे. इतरांना काय वाटते?

पिंपळपान

विषय चांगला आहे, पण मांडणीतच एक गफलत आहे असे नम्रपणे सुचवतो. तुम्ही यशस्वी झालेल्या चळवळीतला माणूस निवडलात, आणि मग त्याच्या ठायी निर्धार शोधलात. ज्यांनी तेवढाच निर्धार केला आणि ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून ती आपल्या मोजमापात येतच नाहीत. आपली भाषाही या बाबतीत लबाड आहे. निर्धार, जिद्द, चिकाटी, हट्ट, हेका, दुराग्रह असे एकाच माळेतले शब्द आपल्याकडे आहेत, आणि त्यांपैकी कोणता वापरायचा हे बहुतेक वेळा निकाल लागल्यावर ठरते.

शिवाय निर्धार विरुद्ध बाजूलाही होताच. ब्रिटिश संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा ठराव १७९१ साली १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला आणि १७९६ साली तो अवघ्या चार मतांनी हुकला. गुलामांच्या व्यापाराचे समर्थक एवढी वर्षे दरवेळी माणसे जमवत होते, आकडेवारी मांडत होते, साक्षीदार उभे करत होते. त्यांच्या चिकाटीत मला तरी काही उणे दिसत नाही. तेव्हा निर्धार हा बदल घडवणाऱ्यांचा विशेष गुण आहे असे म्हणण्याऐवजी, दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही भांडणाची ती प्रवेश फी आहे असे म्हणणे मला रास्त वाटते.

आणि ज्यांचा निर्धार निष्फळ ठरला त्यांचे उदाहरण म्हणून डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांच्याकडे पाहावे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने इतक्या स्त्रिया दगावत की तिथे दाखल होण्यापेक्षा रस्त्यात बाळंत झालेले बरे, असे काही जणींना वाटत असे. १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइस यांचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मेला आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणे आढळली. सेमेलवाइस यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की शवागारातून येणारे हातच हा आजार घेऊन येतात. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ च्या वर होते, ते ऑगस्टमध्ये शेकडा २ च्याही खाली आले.

एवढा लखलखीत पुरावा हाती असलेल्या माणसाचे पुढे काय झाले? त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली गेली नाही, १८५० साली त्यांनी मित्रांनाही न सांगता व्हिएन्ना सोडले, आणि आपला ग्रंथ त्यांनी थेट १८६१ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर त्यांनी विरोधकांना उद्देशून खुली पत्रे लिहिली, ज्यांत त्यांनी नामांकित प्राध्यापकांना खुनी ठरवले. १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात, ४७ व्या वर्षी, जखम चिघळून त्यांचा मृत्यू झाला. हा माणूस क्लार्कसन यांच्यापेक्षा कमी निर्धाराचा होता असे कोणी म्हणेल काय?

अर्धविराम

पिंपळपान यांचा मुद्दा बिनतोड वाटतो, तरी मी तो पूर्णपणे मान्य करत नाही, आणि त्याचे कारण सेमेलवाइस यांच्याच कथेत आहे. त्यांनी चौदा वर्षे ग्रंथ लिहिला नाही. शोध लागला तेव्हा त्यांच्या वतीने मित्रांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली. आपल्या म्हणण्यावर ठाम राहणे आणि ते दुसऱ्याच्या गळी उतरवण्यासाठी रोज खपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांच्याकडे उदंड होती, दुसरी फारशी नव्हती. अर्थात रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य व्हायचा होता, त्यामुळे ‘हाताला काहीतरी चिकटते’ या म्हणण्याला शास्त्राचा आधार नव्हता, हेही खरे. दोष सगळा त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मला या संदर्भात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्यांच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या आणि तरीही त्यांचे चरित्र ‘डगमगले नाहीत’ या साच्यात बसत नाही.

त्यांच्या लहानपणीची सातारची हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरुडहून निघाला, भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला पोहोचला, आणि तिथल्या परीक्षकांनी तो सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. वय पुरेसे होते, अंगकाठी लहान होती. तो परत आला आणि पुढे दुसऱ्या ठिकाणी परीक्षेला बसला. ही गोष्ट आपण निर्धाराचा दाखला म्हणून सांगतो. मला तीत वेगळेच दिसते. त्या मुलाने परीक्षकांशी भांडण उभे केले नाही, दार बंद झाले तसा तो दुसरे दार शोधायला लागला. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी हेच केले.

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या. मुरुडच्या लोकांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ कर्वे यांच्यापेक्षा त्यांच्या आईला व भावाला अधिक बसली. त्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाहाच्या प्रसारासाठी मंडळी स्थापन केली. इथपर्यंत कथा सरळ आहे. परंतु काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आले की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा आणि त्यांना तशी परवानगी देणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. उरलेल्या हजारोंना आधी शिक्षण आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन हवे आहे. म्हणून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुनर्विवाहाच्या प्रचारापासून तो कटाक्षाने वेगळा ठेवला, कारण तसे केले नसते तर कोणत्याही बापाने आपली विधवा मुलगी तिथे पाठवली नसती. ज्यांनी स्वतः विधवेशी लग्न केले होते, त्यांनीच आपल्या संस्थेच्या उंबऱ्याबाहेर तो प्रश्न ठेवला.

१९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत, आणि दिवसभराचे तास संपले की पायी हिंगण्याला जात. ती वाट पावसाळ्यात चिखलाची होती. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले तेव्हा त्यांचे वय ५८ होते, आणि १९४४ साली जातिभेद मिटवण्यासाठी त्यांनी समता संघ काढला तेव्हा ८६. भारतरत्न मिळाले ते शंभराव्या वर्षी, १९५८ साली. या दीर्घ वाटचालीत त्यांचा मूळ विषय बदलत गेला आहे, पुनर्विवाहाकडून विधवांच्या शिक्षणाकडे, तिथून सर्व स्त्रियांच्या उच्च शिक्षणाकडे, आणि अखेर समतेकडे. म्हणून मी तळटीप यांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. परत येणे तर खरेच, पण येताना तीच वाट धरायची नाही, याचे भानही हवे.

पिंपळपान

अर्धविराम यांनी फार चांगले लिहिले आहे, आणि नेमके त्यामुळेच माझी शंका अधिक घट्ट झाली. आश्रमाने पुनर्विवाह उंबऱ्याबाहेर ठेवला, याला आज आपण दूरदृष्टी म्हणतो, कारण पुढचे विद्यापीठ आपल्याला ठाऊक आहे. ते उभे राहिले नसते तर याच निर्णयाला आपण माघार म्हटले असते, आणि तसे म्हणणारे सुधारक त्या काळी होतेही. तेव्हा ‘मार्ग बदलला पण प्रश्न सोडला नाही’ ही कसोटी आगाऊ लावता येत नसेल, तर ती कसोटी कसली?

तळटीप

प्रश्न अवघड आहे हे कबूल करतो. तरी एक उदाहरण असे सुचते की ज्यात मार्ग बदलणाऱ्यानेच त्या वेळी, म्हणजे निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, कशासाठी काय सोडत आहोत हे जाहीर सांगितले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. मंदिराची दारे उघडली नाहीत. त्याआधी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि त्यानंतरचा न्यायालयीन खटला दहा वर्षे रेंगाळला. सरधोपट अर्थाने निर्धार म्हणजे मंदिराच्या दाराशी बसून राहणे. त्यांनी तसे केले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि मंदिरप्रवेशाच्या लढ्यात यापुढे शक्ती खर्च करू नये अशी दिशा अनुयायांना दिली. मंदिरात जाणे हे साध्य कधीच नव्हते, माणूस म्हणून समान दर्जा हे साध्य होते, ही भूमिका त्यांनी तेव्हाच मांडली होती.

आणि मग ते एकवीस वर्षे थांबले. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. मधल्या काळात धर्मांचा अभ्यास, पक्ष, मंत्रिपद, राज्यघटनेचा मसुदा, हिंदू संहितेच्या विधेयकावरून १९५१ साली दिलेला राजीनामा, एवढे सगळे आहे. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी धर्म बदलणे सोपे होते, आणि लोकांनी त्यालाही निर्धारच म्हटले असते. एवढा काळ शब्द पाळायचा आणि घाईही करायची नाही, हे मला अधिक कठीण वाटते. पिंपळपान यांच्या कसोटीला हे उत्तर पुरेल की नाही ते सांगता येत नाही, पण निदान इथे निकालानंतर नाव दिले असा आक्षेप घेता येणार नाही.

काजळरेघ

आतापर्यंतची सगळी चर्चा एकेका व्यक्तीभोवती फिरते आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. निर्धार हा एका माणसाच्या छातीत साठवलेला ऐवज आहे, असे गृहीत धरले की मग तो दहा वर्षे शेतात गेला तर निर्धाराचे काय झाले असा प्रश्न पडतो. क्लार्कसन शेती करत होते तेव्हा विल्बरफोर्स संसदेत ठराव मांडत होते. १७९१ नंतर इंग्लंडमधल्या असंख्य घरांनी गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर वापरणे बंद केले होते, आणि ते घरांघरांतल्या स्त्रियांनी चालवले होते. पुढे १८२४ साली, पुरुष पुढारी ‘क्रमाक्रमाने मुक्ती’ म्हणत असताना, एलिझाबेथ हेरिक यांनी ‘तात्काळ मुक्ती’ची मागणी करणारी पुस्तिका काढली. धागा एकाच्या हातातून सुटला की दुसरीने उचलला, असे या चळवळीचे स्वरूप आहे.

अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराची कथा याहून बोलकी आहे. १८४८ साली सेनेका फॉल्स इथल्या परिषदेत शंभर जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. सुझन अँथनी त्या परिषदेत नव्हत्याच. त्या चळवळीत नंतर आल्या, आणि १८७२ साली कायदा झुगारून त्यांनी मतदान केले. त्यांना अटक झाली, न्यायाधीशाने ज्यूरीला विचारविनिमयाची संधी न देता दोषी ठरवायला लावले आणि शंभर डॉलर दंड केला. दंड भरणार नाही, असे त्यांनी भर न्यायालयात सांगितले आणि तो शेवटपर्यंत भरला नाही. न्यायाधीशही धूर्त होता. दंड भरेपर्यंत तुरुंगात टाकण्याचा आदेश त्याने दिला नाही, कारण तसे केले असते तर त्यांना वरच्या न्यायालयात जाण्याची वाट मिळाली असती. समोर भिंतच नसेल तर डोके आपटायचे कुठे, अशी ती कोंडी होती. या तपशिलामुळे मला हा खटला विसरता येत नाही.

अँथनी १९०६ साली वारल्या, मताधिकार मिळाला १९२० साली. तोही कसा? मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला राज्यांची मान्यता हवी होती, आणि टेनेसी राज्याच्या विधिमंडळात एका मताचा प्रश्न होता. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा सदस्य विरोधी बाजूचे चिन्ह म्हणून कोटाला लाल गुलाब लावून आला होता आणि त्याच्या खिशात आईचे पत्र होते, स्त्रियांच्या बाजूने मत दे असे सांगणारे. त्याने तसे मत दिले. बहात्तर वर्षांच्या खटपटीचा शेवट एका पत्रावर झाला, असे म्हणून कोणी हसेल. पण त्या आईला तसे पत्र लिहावेसे वाटावे, अशी हवा तयार व्हायलाच बहात्तर वर्षे लागली होती.

सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या स्त्रियांपैकी १९२० साली एकच हयात होती, शार्लट वुडवर्ड. १८४८ साली ती हातमोजे शिवणारी तरुण मुलगी होती. मतदानाच्या दिवशी ती आजारी होती आणि मत द्यायला जाऊ शकली नाही.

पिंपळपान

शेवटच्या परिच्छेदावर काय लिहावे सुचत नाही. माझा मुद्दा एवढाच उरतो की या हिशेबात योगायोगालाही त्याचे स्थान द्यावे.

जुनी वही

धागा पहिल्यापासून वाचत होतो. अर्धविराम यांनी कर्वे यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचा उल्लेख येईल असे वाटले होते. तो आला नाही, म्हणून लिहितो.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षींचे थोरले चिरंजीव. वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक, वडिलांसारखेच सुधारक, आणि अंगात तीच चिवट जात. मात्र त्यांनी हाती घेतलेला विषय असा होता की तो उंबऱ्याबाहेर ठेवून पुढे जाण्याची सोयच नव्हती. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. नोकरी किंवा प्रचार यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि लैंगिक शिक्षण, संततिनियमन, स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क या विषयांवर ते महिन्यामागून महिना लिहीत राहिले. अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकर यांनी मांडली, म्हणजे या धाग्यातली दोन माणसे एका न्यायालयात एका बाजूला उभी होती. खटला हरले, दंड झाला. पुढचा अंक निघाला.

आता पिता-पुत्रांना शेजारी ठेवून पाहा. वडिलांनी समाजाला झेपेल तेवढेच एका वेळी मागितले, आणि उरलेले पुढच्या दशकावर सोडले. मुलाने सगळे एकदम मागितले, सूट म्हणून एक शब्दही दिला नाही, प्रसंगी वाचकाला दुखावेल अशा तिखट भाषेत. अर्धविराम यांच्या कसोटीने, म्हणजे वाट बदलण्याचे भान या कसोटीने, मुलगा नापास होतो. तरीही त्यांना हेकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वडिलांचे काम माणसांना जवळ आणल्यावाचून होण्याजोगे नव्हते, कारण आश्रमाला मुली हव्या होत्या, वर्गणी हवी होती, पालकांचा विश्वास हवा होता. मुलाच्या कामाला हवे होते ते एवढेच, की जी गोष्ट कोणी उच्चारत नाही ती कोणीतरी छापील मराठीत, नावासह, न लाजता उच्चारावी. तिथे गोडी लावून बोलणे म्हणजे काम अर्धवट करणे झाले असते. निर्धाराचा प्रकार कामाने ठरवला, स्वभावाने नव्हे, असे मला वाटते. अर्थात स्वभावही कामाला साजेसाच निघाला, हा भाग्याचा भाग.

या संसारात मालतीबाई होत्या हेही नोंदवले पाहिजे. पतीची नोकरी गेली, मासिक तोट्यात चालले, समाजात बदनामी झाली, आणि त्या सोबत राहिल्या. चरित्रांमध्ये निर्धाराचे श्रेय ज्याचे नाव मुखपृष्ठावर असते त्याला जाते. त्यासाठी घरात कोणी काय सोसले, याचा हिशेब काजळरेघ यांच्या मुद्द्यात बसतो.

अर्धविराम

जुनी वही यांचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझे वाक्य मी दुरुस्त करून घेतो. वाट बदलण्याचे भान हवे, हे महर्षींच्या कामापुरते खरे. मग सेमेलवाइस यांच्याविषयीही पुन्हा विचार करावा लागेल, कारण त्यांचे काम कोणत्या प्रकारचे होते? हात धुवायचे होते ते त्याच डॉक्टरांना, ज्यांना त्यांनी खुनी म्हटले. त्यांना माणसे जवळ करणे भाग होते. म्हणजे त्यांच्याकडे रघुनाथरावांचा निर्धार होता आणि कामाला महर्षींचा हवा होता.

पिंपळपान

हे मात्र पटले. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण या एका वाक्यासाठी धागा वाचल्याचे समाधान आहे. जुनी वही यांना एक प्रश्न आहे. रघुनाथरावांना आपल्या कामाचे काही फळ पाहायला मिळाले का?

जुनी वही

फळ कशाला म्हणायचे यावर ते अवलंबून आहे. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम स्वीकारला, आणि असे करणारा तो जगातला पहिला देश मानला जातो. ज्या विषयाने त्यांना न्यायालयात नेले होते, तो सरकारी योजनेत आला. रघुनाथरावांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. मासिक तोपर्यंत चालू होते, म्हणजे सरकारने त्यांचे म्हणणे स्वीकारल्यावरही त्यांना ते बंद करावेसे वाटले नाही. लोकसंख्या आटोक्यात आणणे हा सरकारचा हेतू होता, आणि स्त्रीच्या सुखाचा व हक्काचा जो मुद्दा ते मांडत आले होते, तो त्या योजनेत नव्हता.

तळटीप

म्हणूनच पुढचा अंक निघत राहिला असावा.

धाग्याच्या सुरुवातीला मी क्लार्कसन यांच्या दहा वर्षांविषयी विचारले होते, तेव्हा त्यांची पुढची हकीकत सांगून टाकतो. १८०७ च्या कायद्याने फक्त व्यापार थांबला, गुलामी राहिली. ते पुन्हा कामाला लागले. १८३३ साली ब्रिटिश वसाहतींतील गुलामी रद्द करणारा कायदा झाला, आणि त्यात गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. गुलामांना भरपाई नव्हती. विल्बरफोर्स यांना विधेयक मार्गी लागल्याची बातमी मृत्यूच्या दोन-तीन दिवस आधी मिळाली. क्लार्कसन आणखी तेरा वर्षे जगले. १८४० साली लंडनमध्ये जागतिक गुलामीविरोधी परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांना दिले होते, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. ब्रिटनपुरता प्रश्न सुटला होता, अमेरिकेचा बाकी होता. अमेरिकेहून आलेल्या प्रतिनिधींत काही स्त्रिया होत्या आणि त्या स्त्रिया आहेत म्हणून परिषदेने त्यांना सभागृहात बसून बोलू दिले नाही, पडद्यामागच्या जागेत बसवले. त्यांपैकी ल्युक्रेशिया मॉट यांची तिथे एलिझाबेथ स्टँटन यांच्याशी ओळख झाली, आणि आठ वर्षांनी सेनेका फॉल्सची परिषद भरवण्यात या दोघींचाच पुढाकार होता.